मृत्युपत्रांतील ‘मालक’ आणि ‘धर्म’ : दोन शब्दांचा न्यायालयीन इतिहास

जुन्या कागदांच्या अभ्यासकांचें लक्ष सनदा, महजर, निवाडे, वतनपत्रें व वंशावळी यांजकडे जितकें वेधतें, तितकें मृत्युपत्रांकडे वेधत नाहीं. याचीं कारणें दोन. एक तर हा दस्त आपल्याकडे त्या मानानें अर्वाचीन; आणि दुसरें, घरांतील मंडळी वाटणीपत्र एक वेळ दाखवितील, पण वडिलांचें मृत्युपत्र सहसा दाखवीत नाहींत. तथापि भाषेचा व पाठाचा विचार करणारास या कागदासारखा बोधप्रद कागद दुसरा नाहीं. सनदेचा अर्थ विचारण्यास देणारा हयात असूं शकतो. खरेदीखताचा अर्थ दोन्ही पक्ष सांगूं शकतात. मृत्युपत्र मात्र ज्या क्षणीं अंमलांत येतें त्याच क्षणीं तें लिहिणारा बोलण्यापलीकडे गेलेला असतो. मागें उरतो तो केवळ पाठ. अशा पाठावरून मृताचा खरा हेतु न्यायासनांनीं कसा शोधिला, कोठें पाठ दुरुस्त केला आणि कोठें दुरुस्त करण्याचें नाकारलें, याचा विचार येथें विशेषतः दोन शब्दांच्या अनुरोधानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१)

प्रथम शब्दाविषयीं. ‘मृत्युपत्र’ हा शब्द संस्कृत दिसला तरी तो धर्मशास्त्राचा पारिभाषिक शब्द नव्हे. स्मृतींत ऋणादान, निक्षेप, दायविभाग हीं प्रकरणें आहेत. मृत्युपत्राचें स्वतंत्र प्रकरण नाहीं. अरबी-फारशींतून आलेला ‘वसीयतनामा’ हा शब्द मराठी दप्तरांत आढळतो. ‘मृत्युपत्र’ हा त्याच अर्थीं पुढें रूढ झाला. कल्पनेचें बीज मात्र आपल्याकडे अगदींच नव्हतें असें नव्हे. निरोगी असतां किंवा आजारीपणांत एखाद्यानें धर्मासाठीं कांहीं देण्याचें बोलून दाखविलें व तें न देतांच तो वारला, तर राजानें तें त्याच्या पुत्राकडून देववावें, अशा आशयाचें कात्यायनाचें वचन प्रसिद्ध आहे. मृताचा शब्द जिवंतांवर बंधनकारक होतो तो येथें ‘धर्मा’च्या निमित्तानें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

कायद्याचा इतिहास थोडक्यांत असा. १८६५ च्या दहाव्या आक्टानें वारसाचा व मृत्युपत्रांचा पहिला व्यवस्थित कायदा झाला, पण तो हिंदूंस लागू नव्हता. १८७० च्या हिंदु मृत्युपत्रांच्या कायद्यानें त्यांतील बरींच कलमें बंगालचा खालचा भाग आणि मद्रास व मुंबई हीं शहरें येथील हिंदूंस लागू झालीं. मुफसलांतील हिंदूचें तोंडी मृत्युपत्रहि त्यानंतर दीर्घ काळ चालत असे. १९२५ च्या इंडियन सक्सेशन आक्टाच्या ५७ व्या कलमांत १९२९ सालीं भर पडून, १ जानेवारी १९२७ पासून पुढें केलेलें हिंदूचें प्रत्येक मृत्युपत्र लेखी, सहीचें व दोन साक्षीदारांचें असलें पाहिजे, असें ठरलें. म्हणजे आपल्या खेड्यांतील मृत्युपत्राचा नियमबद्ध पाठ हा शंभर वर्षांच्या आंतबाहेरचा आहे.

(२)

हस्तलिखितें हाताळणारांस दोन खुणा परिचित आहेत. गाळलेलें अक्षर दाखविण्यास लेखक ओळींत हंसपद करून तें समासांत लिहितो. चुकलेलें अक्षर नाहींसें करण्यास त्यावर हरताळ फासतो. १९२५ च्या कायद्यांतील ७४ ते ८९ हीं कलमें वाचतांना आम्हांस असें वाटलें कीं, न्यायाधीशाच्या हातीं दिलेलीं साधनें नेमकीं हींच दोन आहेत, आणि त्यांच्या मर्यादाहि चांगल्या संपादकाच्या मर्यादांसारख्याच आहेत.

हंसपदाचें उदाहरण ७७ व्या कलमाखालीं आहे. एकानें एका मुलीस ‘पांचशें’ व दुसरीस ‘पांचशें रुपये’ दिले. तर पहिलीसहि पांचशें रुपयेच मिळावे. गाळलेला शब्द कागदाच्या दुसऱ्या वाक्यांतून मिळतो, न्यायाधीशाच्या मनांतून नव्हे. मीमांसक यास अनुषंग म्हणतील. एका वाक्यांतील पद दुसऱ्या साकांक्ष वाक्याशीं जोडून घ्यावयाचें, असा तो न्याय आहे. हरताळाचें उदाहरण ७८ व्या कलमाचें. अमुक गांवची, अमुक कुळाच्या वहिवाटीची जमीन दिली असें लिहिलें. त्या गांवीं तशी जमीन आहे, पण त्या कुळाच्या वहिवाटीस नाहीं. तर कुळाविषयींचे शब्द सोडून द्यावे व जमीन पोंचती करावी. नांवाच्या चुकीचेंहि तसेंच. भावाचा दुसरा मुलगा ‘टॉमस’ यास देणगी लिहिली, आणि त्या भावास टॉमस नांवाचा मुलगाच नाहीं, दुसऱ्या मुलाचें नांव ‘विल्यम’ आहे. तर ती विल्यमला मिळते. वर्णनावरून व्यक्ति निश्चित होत असतां नांवाच्या प्रमादानें दान बुडूं नये, हा त्यांतील आशय.

संदिग्ध शब्दाचा अर्थ समग्र लेखावरून घ्यावा, हें ८२ व्या कलमाचें तत्त्व जैमिनीच्या वाचकांस नवें नाहीं. माखलेले खडे मांडावे असा विधि आहे. कशानें माखावयाचे हें विधींत नाहीं. पुढें तुपाची स्तुति येते, तेव्हां तुपानेंच माखावयाचे असें ठरतें. वाक्यशेषानें संदेह फिटतो तो असा. दोन कलमें परस्परांविरुद्ध असतां मृत्युपत्रांत शेवटचें प्रबळ, असें ८८ वें कलम सांगतें. त्याचें उदाहरणहि मासलेवाईक आहे. आरंभीं रामनगरची इस्टेट एकास दिली, व शेवटीं ती दुसऱ्यास दिली, पहिल्यास नाहीं असें म्हटलें. तर ती दुसऱ्याचीच. इतर दस्तांत मात्र सामान्यतः उलट, म्हणजे पहिलें कलम प्रबळ. हा भेद प्रथमदर्शनीं स्वच्छंदी वाटतो. पण आमच्या शास्त्रांत अपच्छेदन्याय व उपक्रमन्याय असे दोन न्याय आहेतच. बहिष्पवमानाच्या वेळीं एकमेकांस धरून चाललेल्या ऋत्विजांपैकीं एकामागून एक दोघांचे हात सुटले, तर मागाहूनच्या सुटण्याचें प्रायश्चित्त चालतें. उलट एकवाक्यता असेल तेथें उपक्रमाच्या अनुरोधानें उपसंहार लावितात. मरणाऱ्याची इच्छा शेवटच्या क्षणापर्यंत बदलूं शकते, म्हणून तेथें अपच्छेदन्याय. खरेदीखतांत एकदां दिलेलें परत घेतां येत नाहीं, म्हणून तेथें उपक्रम. इंग्रज न्यायाधीशांनीं हे नियम जैमिनीपासून घेतले असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांचे नियम त्यांच्या परंपरेंतून आले. परंतु मीमांसेचे नियम हिंदु कायद्याच्या अर्थनिर्णयास लागू पडतात, या विषयावर किशोरीलाल सरकार यांनीं १९०५ सालीं कलकत्त्यास टागोर कायदा-व्याख्यानें दिलीं, हें येथें नमूद करणें उचित होईल.

मर्यादा कोठें येते? नांवाची जागाच कोरी ठेवून ‘——यास हजार रुपये’ असें लिहिलें, तर ती जागा बाहेरच्या पुराव्यानें भरतां येत नाहीं. ‘यादींत लिहिलेल्या सर्व वस्तु अमक्यास’ असें म्हटलें आणि यादीच सांपडत नाहीं, तर दान व्यर्थ. मात्र एकाच नांवाच्या दोन चुलतबहिणी निघाल्या तर मनांत कोणती होती याचा बाहेरचा पुरावा घेतां येतो. कारण तेथें पाठ पूर्ण असून केवळ त्याचा विषय दुहेरी झाला आहे. त्रुटित पत्राच्या ठिकाणीं स्वतःचा श्लोक रचून घालणाऱ्या संपादकास आपण जें म्हणतों, तेंच कायदा अशा न्यायाधीशास म्हणतो. न्यायाधीशानें मृताच्या बैठकीवर बसून, त्याचें घर, त्याचीं माणसें व त्याची बोलण्याची रीत डोळ्यांपुढें आणून त्याचे शब्द वाचावे, हें तत्त्व इंग्लंडांतील अपील न्यायालयानें १८८० सालीं मांडलें व पुढें तें आमच्याकडेहि मान्य झालें. परंतु त्या बैठकीवर बसून नवें मृत्युपत्र लिहिण्याचा अधिकार त्यास नाहीं.

(३)

आतां ‘मालिक’, मराठींत ‘मालक’. अरबी मूळाचा हा शब्द फारशी दप्तरांतून हिंदुस्थानच्या बहुतेक भाषांत शिरला. ‘माझे पश्चात् माझी स्त्री मालक’ असें वाक्य ज्या कागदांत असेल, त्याचा अर्थ लेखकास व गांवास एकच वाटत असे; न्यायालयांत मात्र त्याचे दोन अर्थ झाले. विधवेस मालमत्ता विकण्याचा व आपल्या वारसांकडे सोंपविण्याचा पूर्ण अधिकार मिळाला, कीं केवळ हयातीपुरता उपभोग मिळाला? या एका प्रश्नावर कित्येक बायकांचें उत्तरायुष्य अवलंबून होतें.

१८७४ सालीं महंमद शम्सुल वि. शेवकराम या बंगाल इलाख्यांतून आलेल्या अपिलांत प्रिव्ही कौन्सिलपुढें असा कागद आला कीं, एका गृहस्थानें आपल्या मृत पुत्राच्या विधवेवांचून आपणांस दुसरा कोणी वारस व मालिक नाहीं असें लिहून, पुढें तिच्या दोन मुली व त्यांचीं मुलें यांसहि वारस व मालिक म्हटलें होतें. न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, हिंदूच्या मृत्युपत्राचा अर्थ करतांना हिंदूंच्या सर्वसाधारण समजुती व इच्छा लक्षांत घ्याव्या. वडिलार्जित मालमत्ता घराण्यांत राहावी असें त्यास वाटतें, आणि स्त्रियांस सहसा पूर्ण स्वामित्व मिळत नाहीं हें तो जाणून असतो. सबब सुनेचा हक्क अमर्याद नसून, तिच्यामागें मुलींस मालमत्ता मिळावी असाच लेखाचा भाव ठरला.

तत्त्व म्हणून हें निर्दोष आहे. लेखकाची परिस्थिति जाणूनच त्याचा लेख वाचावा. पण तत्त्व रूढ झालें म्हणजे त्याचें यंत्र होतें. ‘स्त्री’ हा शब्द दिसतांच ‘मालिक’ या शब्दाचें बळ कमी करावयाचें, असा प्रघात खालच्या न्यायालयांत पडूं लागला. अलाहाबादेहून आलेल्या सूरजमणि वि. रबिनाथ ओझा या खटल्यांत ‘मालिक व खुद-इख्तियार’, म्हणजे मालक व स्वतंत्र अधिकारी, असे शब्द असतांहि हायकोर्टानें मर्यादित हक्कच मानिला होता. १९०७ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें तो निकाल फिरविला. ‘मालिक’ हा शब्द पूर्ण स्वामित्वाचा आहे. तें मर्यादित करणारें कांहीं प्रकरणांत दिसलें तरच तें मर्यादित होईल. दान घेणारी विधवा आहे एवढेंच कारण त्यास पुरेसें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. १९५० सालीं राम गोपाळ वि. नंदलाल या खटल्यांत आपल्या सुप्रीम कोर्टानेंहि तेंच तत्त्व स्वीकारलें : स्त्रीस पूर्ण मालकी देण्यास ‘विकण्याचा अधिकार आहे’ असे निराळे शब्द लिहावे लागत नाहींत.

मीमांसेच्या भाषेंत सांगावयाचें तर श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या या सहांत पूर्वपूर्व बलवत्तर असतें. ‘मालिक’ ही श्रुति. लोकांच्या समजुतीवरून काढलेलें अनुमान फार खालचें. पहिल्या निकालांत श्रुतीस मर्यादा घालणारें वाक्य कागदांतच होतें, म्हणून तो निकाल योग्य. त्यानंतरचे जे निकाल केवळ समजुतीवर विसंबून श्रुतीस दुर्बळ करीत गेले, त्यांनीं क्रम उलटा केला, असें आमचें मत आहे.

याच जातीचा दुसरा शब्दसमूह आमच्या सनदांतील ओळखीचा आहे : ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें’. यांत ‘पुत्र’ शब्द आहे म्हणून मुली वगळल्या काय? रामलाल मुखर्जी यांच्या १८८१ च्या खटल्यांत बंगाली मृत्युपत्रांतील ‘पुत्रपौत्रादिक्रमे’ हे शब्द पूर्ण वारसाहक्काचे वाचक मानिले गेले व त्यांनीं स्त्रीवारस वगळले जात नाहींत असें ठरलें. इनामांच्या सनदा वाचणारांनीं हा निकाल जरूर पाहावा.

विधवेच्या मर्यादित हक्काचा प्रश्न पुढें कायद्यानेंच बहुतांशीं मिटविला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या १४ व्या कलमानें स्त्रीच्या ताब्यांतील मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली. मृत्युपत्रानेंच मर्यादित हक्क दिला असेल तर तो तसाच राहील, असा अपवाद त्याच कलमांत आहे. परंतु तो हक्क तिच्या पूर्वीच्या पोटगीच्या हक्काबद्दल दिलेला असल्यास अपवाद लागत नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें १९७७ सालीं तुळसम्माच्या खटल्यांत ठरविलें. म्हणून ‘हयातीपर्यंत उपभोग घ्यावा’ एवढें वाक्य वाचून आजहि निकाल सांगतां येत नाहीं; तें कां लिहिलें हें पाहावें लागतें.

(४)

‘मालिक’ या शब्दास शेवटीं त्याचें बळ परत मिळालें. ‘धर्म’ या शब्दाची कथा निराळी आहे.

मुंबईकडील एका गृहस्थानें आपल्या मृत्युपत्रांत शिल्लक मालमत्ता ‘धर्मा’कडे लावावी असें लिहिलें. रणछोडदास वि. पार्वतीबाई या नांवानें तो वाद प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला, व १८९९ सालीं निकाल झाला कीं हें दान संदिग्धतेमुळें व्यर्थ आहे. न्यायाधीशांनीं विल्सनचा कोश पाहिला. त्यांत धर्म म्हणजे कायदा, सद्गुण, कायदेशीर अथवा नैतिक कर्तव्य असे अर्थ होते. इतक्या व्यापक हेतूची अंमलबजावणी कोणतें न्यायालय करणार? आधार इंग्लंडांतील जुन्या निकालाचा होता. तेथें एका बाईनें आपली शिल्लक मालमत्ता डरहॅमच्या बिशपास परोपकार व औदार्य यांच्या कामीं लावण्यास दिली होती. १८०५ सालीं लॉर्ड एल्डन यांनीं तें दान अनिश्चित म्हणून रद्द ठरविलें व मालमत्ता आप्तांकडे गेली.

या निकालांतील युक्तिवाद हंसण्यासारखा नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. विश्वस्तानें पैसा खाल्ला तर त्यास जाब विचारणारा कोणी पाहिजे, आणि जाब विचारावयाचा तर त्याचें काम काय होतें हें ठरलेलें पाहिजे. सदावर्त, विहीर, धर्मशाळा असें नांव घेतलें असतां तें दान टिकत असे. कारण तेथें काम ठरलेलें आहे. अडचण होती ती नुसत्या ‘धर्म’ या शब्दाची.

परंतु तो शब्द खरोखरच इतका अनिश्चित होता काय? योग व रूढि यांत रूढि बलवती, हें आमच्या शास्त्राचें सांगणें. कोशांतील ‘धर्म’ व्यापक आहे हें खरें. पण हिंदु दात्याच्या तोंडीं दानप्रसंगीं आलेला ‘धर्म’ कोशांतला नव्हे. शास्त्रानें त्याचे इष्ट व पूर्त असे भाग पाडिले. इष्टांत यज्ञयागादि कर्में व पूर्तांत विहिरी, तळीं, देवालयें, अन्नदान, बागा हीं गणिलीं. व्यापाऱ्यांच्या वह्यांत ‘धर्मादाय’ खातें असे, व त्यांतून गाईंस चारा, पाणपोई, सदावर्त यांवर खर्च होई. त्या खात्याचा अर्थ कोणत्याहि गुमास्त्यास कोश पाहून ठरवावा लागत नसे. ज्या न्यायासनानें ‘मालिक’ शब्दासाठीं हिंदूंच्या समजुती लक्षांत घ्या म्हणून सांगितलें, त्यानेंच ‘धर्म’ शब्दासाठीं त्या समजुती बाजूस ठेविल्या, ही विसंगति आम्हांस दिसते. कात्यायनाच्या मतें मृताचा जो शब्द राजानें हटकून पाळावयाचा, तो धर्मासाठीं दिलेला. आणि नव्या न्यायासनापुढें नेमका तोच शब्द निष्फळ ठरला. परिणाम असा कीं, जी मालमत्ता वारसांकडे जाऊं नये एवढें तरी मृतानें निःसंशय सांगितलें होतें, ती वारसांकडेच गेली.

ही चूक हंसपदानें सुधारण्यासारखी नव्हती. ती सुधारली कायदेमंडळानें. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या १० व्या कलमांत असें आहे कीं, हेतु अनिश्चित आहे एवढ्याच कारणानें सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था रद्द होणार नाहीं. आणि त्याच्या स्पष्टीकरणांत धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान हे शब्द नांव घेऊन घातले आहेत. लंडनमध्यें एक्कावन्न वर्षांपूर्वीं जो शब्द अर्थशून्य ठरला, तो मुंबईच्या कायद्यांत पुनः अर्थवान् झाला.

(५)

हेतु कळला म्हणजे तो पुरा होतोच असें मात्र नाहीं. याचें प्रसिद्ध उदाहरण कलकत्त्याच्या ठाकूर घराण्याचें. प्रसन्नकुमार ठाकूर यांचा पुत्र ज्ञानेंद्रमोहन यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. बापानें मृत्युपत्रांत त्यास कांहीं ठेविलें नाहीं, व यतींद्रमोहन यांस हयातीपर्यंत देऊन पुढें पुरुषवंशांत इंग्रजी पद्धतीनें मालमत्ता चालावी अशी लांबलचक योजना केली. तिचा अर्थ कळण्यास कांहींच अडचण नव्हती. पण जो मनुष्य अद्यापि जन्मलाच नाहीं त्यास हिंदु कायद्याप्रमाणें दान करतां येत नाहीं, व कायद्यास अज्ञात असा वारसाक्रम कोणास निर्माण करतां येत नाहीं, असें १८७२ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें ठरविलें. यतींद्रमोहन यांच्या हयातीनंतरचा हक्क वारस म्हणून त्याच पुत्राकडे आला. अर्थनिर्णय ही एक गोष्ट व अर्थसिद्धि ही दुसरी, हें येथें जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

इंग्लंडांत यापुढची एक पायरी चढली गेली आहे. तेथील १९८२ च्या कायद्यानें, लेखनिकाचा प्रमाद झाला असेल किंवा मृताची सूचना लिहिणारास समजली नसेल, तर मृत्युपत्राचा पाठच दुरुस्त करण्याचा अधिकार न्यायालयास दिला. पतिपत्नींनीं एकमेकांच्या मृत्युपत्रावर सह्या केल्या होत्या असा एक खटला तेथें झाला. २०१४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पतीचें मृत्युपत्र दुरुस्त करून त्याचा हेतु पार पाडला. पाठशोधकास हें रुचेल. परंतु मूळ हेतूचा भक्कम पुरावा असेल तरच ही मोकळीक, हेंहि तितकेंच खरें.

(६)

या विवेचनावरून संग्राहकांनीं दोन गोष्टी घ्याव्या अशी आमची विनंति आहे. पहिली संशोधनाची. जुनें मृत्युपत्र हातीं आल्यास त्याचा सारांश लिहून मूळ टाकूं नये. ‘मालक’, ‘वहिवाट’, ‘उपभोग’, ‘वंशपरंपरा’, ‘धर्मादाय’ हे शब्द ज्या ओळींत असतील त्या अक्षरशः उतरून घ्याव्या, व कोऱ्या जागा, खाडाखोड आणि समासांतील भर यांची नोंद करावी. निकालपत्रांत आपणांस बहुधा भाषांतर मिळतें; लेखकाचा शब्द मूळ कागदावरच असतो.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घरची आहे. आयुष्यभर पोथ्या जमविणारे पुष्कळ गृहस्थ ‘माझ्या पोथ्या योग्य ठिकाणीं द्याव्या’ एवढें लिहून निश्चिंत होतात. यादीवांचूनचें दान कायदा कसें पाहतो हें वर सांगितलेंच आहे. म्हणून पोथ्यांची यादी निराळ्या वहींत न ठेवतां मृत्युपत्राचाच भाग करावी. प्रत्येक पोथीचें नांव, पत्रसंख्या व असल्यास लेखनशक द्यावा. रुमालांस अनुक्रमांक घालावे. ज्या संस्थेस द्यावयाच्या तिचें पूर्ण नांव व स्थळ लिहावें, आणि ती संस्था त्या वेळीं नसल्यास दुसरी कोणती, हेंहि लिहावें. कायमच्या दिल्या कीं सांभाळण्यास दिल्या, हा शब्दभेद विशेष जपावा. ज्यानें दुसऱ्यांच्या त्रुटित पाठांवर डोळे खर्ची घातले, त्यानें आपला शेवटचा पाठ तरी त्रुटित ठेवूं नये.